चार सेकंदांचा फेलओव्हर आणि त्याआधीची दहा मिनिटं

प्रश्न थोडक्यात असा: कंपनीत साडेतीनशे मेलबॉक्स आहेत, मेल सर्व्हर पोस्टफिक्स या मेल पोचवणाऱ्या प्रोग्रॅमवर चालतो. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक मेलची एक प्रत ‘ऑल्वेज बीसीसी’ या सेटिंगने अर्काइव्ह सर्व्हरकडे, म्हणजे मेल जपून ठेवणाऱ्या मशीनकडे, जाते. ऑडिटरने ‘अर्काइव्ह एकाच मशीनवर आहे’ असा शेरा मारला, म्हणून तसाच दुसरा सर्व्हर घेतला. व्हेंडर म्हणतो, पहिला पडला की चार सेकंदांत दुसरा ताबा घेईल, म्हणजे फेलओव्हर होईल. त्या चार सेकंदांत नेमकं काय होतं, आणि तेवढ्यात आलेल्या मेलचं काय?

त्या चार सेकंदांतल्या मेलची काळजी सोडा. त्या कुठेही जात नाहीत. जातात त्या आधीच्या दहा मिनिटांतल्या मेल: पहिल्या सर्व्हरने ज्या घेतल्या, ‘मिळाली’ म्हणून सांगितलं आणि मग तो स्वतःच आडवा झाला. व्हेंडरच्या स्लाइड नेहमी चार सेकंदांबद्दल असतात. मला रात्री-अपरात्री येणारे फोन त्या दहा मिनिटांबद्दल असतात.

मुळापासून बघू. तुमचं पोस्टफिक्स अर्काइव्हला मेल देतं तेव्हा सगळा मजकूर पाठवून झाल्यावर एका ओळीत नुसतं एक टिंब पाठवतं, म्हणजे ‘संपलं’. समोरचा सर्व्हर मेल डिस्कवर लिहितो आणि उत्तर देतो: २५०. हा आकडा म्हणजे रजिस्टर पत्रावरची सही. सही झाली की पत्र पोस्टमनच्या पिशवीतून गेलं, पुढे सांभाळायचं काम घेणाऱ्याचं. मेलच्या देवाणघेवाणीचे नियम सांगणाऱ्या आरएफसी ५३२१ या दस्तऐवजात हे स्पष्ट लिहिलंय: एकदा मेल स्वीकारली की नंतर मशीन क्रॅश झालं असल्या कारणासाठी ती हरवायची नाही. सही दिल्याबरोबर पाठवणारा आपल्या क्यूतली, म्हणजे पाठवायच्या रांगेतली, प्रत पुसून टाकतो, आणि त्या क्षणानंतर जगात ती प्रत एकाच ठिकाणी उरते.

सही मिळाली नाही तर? पाठवणारा मेल क्यूत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. पोस्टफिक्सच्या मूळ सेटिंगनुसार पहिला पुनर्प्रयत्न साधारण ५ मिनिटांनी, मग अंतर वाढत वाढत ४००० सेकंदांपर्यंत, म्हणजे तासाच्या थोडं वर, आणि हे ५ दिवस चालतं. तुमचं अर्काइव्ह चार सेकंद बंद राहो की चार तास, मेल मागे रांगेत उभी असते. वेबसाइट चार तास बंद राहिली तर बोंब होते. अर्काइव्हची आवक चार तास थांबली तर, शोध घेणारे दोन वकील सोडले तर, कुणाला पत्ताही लागत नाही.

म्हणून अर्काइव्हच्या फेलओव्हरमध्ये वेग हा गुण मी फारसा मोजत नाही.

या पाच दिवसांत मात्र एक खड्डा आहे, आणि तुम्ही बरोबर त्याच्या काठावर उभे आहात. ‘ऑल्वेज बीसीसी’ने जोडलेला पत्ता पोस्टफिक्स २.३ पासून ‘काही बिघडलं तर कुणाला कळवू नको’ अशा सूचनेसह जोडतं. हेतू चांगला आहे, नाहीतर ज्याने बिल पाठवलं त्या बिचाऱ्या पार्टीला ‘अर्काइव्हचा पत्ता सापडत नाही’ अशी बाउन्स, म्हणजे मेल न पोचल्याची सूचना, गेली असती. पण त्याचा दुसरा अर्थ असा की पाच दिवस अर्काइव्हने सही दिली नाही तर सहाव्या दिवशी ती प्रत गुपचूप नाहीशी होते. बाउन्स नाही, तक्रार नाही, लॉगमध्ये एक ओळ तेवढी. धनत्रयोदशीच्या संध्याकाळी अर्काइव्ह पडलं आणि भाऊबीज उरकून माणसं कामावर आली, की पाच दिवस होत आलेलेच असतात. क्यूची मुदत वाढवा आणि क्यूच्या लांबीवर अलार्म लावा. ही मुदत त्या पोस्टफिक्सच्या सगळ्याच मेलला लागू होते, त्यामुळे अर्काइव्हची वाट स्वतंत्र इन्स्टन्सवर, म्हणजे वेगळ्या चालवलेल्या पोस्टफिक्सवर, टाकलेली बरी. नाहीतर चुकीच्या पत्त्यावर गेलेलं कोटेशन ‘पोचलं नाही’ हे सेल्सवाल्याला दोन आठवड्यांनी कळेल.

आता चार सेकंद. दोन सर्व्हर, दोघांच्या मध्ये एक फिरता आयपी पत्ता, आणि कीपअलाइव्हडीसारखा एखादा प्रोग्रॅम व्हीआरआरपी ही ‘पत्ता कुणाकडे’ हे ठरवायची भाषा बोलतोय, अशी तुमची मांडणी असणार. ज्याच्याकडे आयपी आहे तो दर सेकंदाला ‘मी आहे’ म्हणतो. दुसरा गप्प बसून ऐकतो. तीन हाकांइतका वेळ शांतता राहिली, वर थोडी सूट गेली, की तो उठतो. ही सूट प्राधान्यक्रमावरून निघते. दुसऱ्याचा क्रम १०० असेल तर २५६ मधून १०० वजा करून २५६ ने भागायचं, म्हणजे ०.६ सेकंद. एकूण ३.६. मग तो आयपी स्वतःच्या कार्डावर घेतो, नेटवर्कवर ‘हा पत्ता आता माझा’ अशी एआरपीची दवंडी पिटतो, स्विच आपली नोंद बदलतो. व्हेंडरचे चार सेकंद ते हेच.

यात हलला फक्त पत्ता. दारावरची पाटी या घरावरून त्या घरावर गेली. घरातलं सामान गेलं की नाही, हा हिशेब वेगळा.

पाटीसुद्धा कधी हलावी हे ठरवणं वाटतं तितकं सोपं नाही. बहुतेक ठिकाणी तपासणी म्हणजे २५ नंबरच्या पोर्टवर टकटक करायची आणि २२० असं स्वागत आलं की ‘जिवंत आहे’ म्हणायचं. मी असा सर्व्हर पाहिलाय ज्याची डिस्क चुका देत होती, लिनक्सने ती फाइलसिस्टिम केवळ वाचण्यापुरती करून टाकली होती, आणि पोर्ट २५ वर हा गडी हसतमुखाने स्वागत करत होता. प्रत्येक मेलला ४५१, ‘नंतर या’. मेल एकही गेली नाही, पण फेलओव्हरही झाला नाही. दुसऱ्याला दिवसभर वाटत राहिलं की पहिला ठणठणीत आहे. तपासणी करायची तर खरी करा: दर पाच मिनिटांनी एक खूण असलेली मेल पाठवा आणि ती अर्काइव्हच्या शोधात सापडते का बघा.

याच्या उलटा प्रकार जास्त वाईट. पाटी दुसऱ्यावर गेली, पण दुसऱ्याच्या पोस्टफिक्समध्ये अर्काइव्हचं डोमेन टाकायचं राहून गेलंय. रिलेचे नियम तसे लावलेले असतील तर तो ५५४ म्हणतो: रिले ॲक्सेस डिनाइड. चारने सुरू होणारं उत्तर म्हणजे ‘नंतर या’, पाचने सुरू होणारं म्हणजे ‘पुन्हा येऊ नका’. पाठवणारा ते निमूट ऐकतो, पाच दिवस थांबत नाही, आणि बीसीसीची ती न कळवण्याची सूचना असल्यामुळे प्रत तिथल्या तिथे संपते. पहिला सर्व्हर बंद राहिला असता तर मेल क्यूत टिकली असती. फेलओव्हर यशस्वी झाला म्हणून गेली! स्टँडबाय सर्व्हरवर ‘सॉफ्ट बाउन्स’ चालू ठेवा. त्याने पाचवाले नकार चारवाले होतात आणि चूक दुरुस्त करायला वेळ मिळतो. दुसऱ्यावर दोन-तीनदा ड्रिल नीट पार पडली की मगच ‘सॉफ्ट बाउन्स’ काढा.

आता खरा मुद्दा, ती दहा मिनिटं. मेल २५० मिळवून आत आली म्हणजे लगेच ‘अर्काइव्ह’ झाली असं नसतं. आधी ती स्पूलमध्ये, म्हणजे पुढचं काम होईपर्यंत थांबायच्या जागेत, बसते. मग तिची चिरफाड होते: पाठवणारा, घेणारे, विषय, तारीख हे डेटाबेसमध्ये, मजकूर आणि जोडपत्रं दाबून आणि एन्क्रिप्ट होऊन फाइल स्टोअरमध्ये, शब्द शोधाच्या इंडेक्समध्ये. चार जागा, आणि चारही जागांची दुसऱ्या सर्व्हरवर जाण्याची गती वेगळी. स्टोअर आरसिंक या फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने दर १५ मिनिटांनी जात असेल, डेटाबेसचं रेप्लिकेशन, म्हणजे दुसरीकडे प्रत होणं, दोन सेकंद मागे असेल, इंडेक्स रात्री बनत असेल. आणि स्पूल? स्पूल बहुधा कुणी पाठवतच नाही. ‘तात्पुरती जागा आहे’ म्हणून रेप्लिकेशनच्या यादीतून ती वगळलेली असते. आर्थिक वर्षअखेरीला, म्हणजे ३१ मार्चच्या संध्याकाळी, त्या तात्पुरत्या जागेत हजारो मेल ताटकळत असतात, आणि त्या प्रत्येकीवर सही झालेली असते.

सर्व्हर नेमका कधी पडला यावर पुढचं सगळं ठरतं. टिंब यायच्या आधी पडला तर काही बिघडत नाही. डिस्कवर लिहिलं, २५० निघालं आणि ते पोचायच्या आत पडला, तर पाठवणाऱ्याला सही मिळत नाही, तो पुन्हा पाठवतो आणि दोन प्रती होतात. हे दुखणं इतकं जुनं आहे की १९८८ मध्ये आरएफसी १०४७ याच एका विषयावर निघाली. दोन प्रती झालेल्या चालतात, हॅश, म्हणजे मजकुरावरून निघणारा ठसा, काढून एक बाजूला करता येते. फक्त मेसेज-आयडी जुळला म्हणून एक उडवू नका. मेलिंग लिस्ट तळाला दोन ओळी जोडते आणि मेसेज-आयडी तोच ठेवते. कोर्टाच्या दृष्टीने ती दोन वेगळी कागदपत्रं.

२५० दिलं, पण मेल अजून मेमरीतच होती, असं झालं तर मात्र ती गेली. पोस्टफिक्स स्वतः याबाबतीत काटेकोर आहे, डिस्कवर उतरल्याची खात्री करूनच सही देतं. पण डिस्कच खोटं बोलत असेल तर ते काय करणार? बॅटरी मेलेला रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड), किंवा वेग मिळावा म्हणून व्हर्चुअल मशीनच्या डिस्कचा कॅश मोड ‘अनसेफ’ ठेवलेला. मोडचं नावच ‘अनसेफ’ आहे, तरी लोक ठेवतात.

तुम्ही ज्याला सर्वांत जास्त भ्यायला हवं तो प्रसंग यापुढचा. मेल पहिल्याच्या डिस्कवर नीट उतरली, सहीही खरी, पण दुसऱ्याकडे जायच्या आत पहिल्याचा मदरबोर्ड गेला. पाठवणाऱ्याने प्रत पुसली आहे. दुसऱ्याला तिचं अस्तित्वच माहीत नाही. ती मेल बंद मशीनच्या डिस्कवर आहे आणि मशीन वॉरंटीवाल्याकडे निघालंय.

यावर एक उपाय म्हणजे सही देण्याआधी दोन्हीकडे लिहून घ्यायचं. दोन मशीनच्या डिस्क जुळत्या ठेवणाऱ्या डीआरबीडी या प्रोग्रॅमचा ‘सी’ प्रोटोकॉल हेच करतो: दोन्ही डिस्कवर उतरल्याशिवाय ‘लिहिलं’ म्हणत नाही. दोन्ही सर्व्हर एकाच इमारतीत असतील तर उत्तम. मुंबई-चेन्नई असेल तर प्रत्येक लिखाणाला तेवढा फेरा पडतो आणि आवक रांगायला लागते. मारियाडीबी या डेटाबेसचं सेमी-सिंक रेप्लिकेशनही साधारण असंच वागतं, पण त्यात एक मेख आहे. दुसऱ्याकडून १० सेकंदांत होकार आला नाही तर ते आपलं आपण साध्या, न थांबणाऱ्या रेप्लिकेशनवर उतरतं. मूळ सेटिंग तेच आहे. डॅशबोर्डवर सगळं हिरवं दिसतं आणि हमी तेवढी गेलेली असते.

दुसरा उपाय मला जास्त पटतो, कारण तो देणाऱ्याच्या बाजूने आहे: देणाऱ्याने सही मिळाली तरी प्रत टाकायचीच नाही. मेल सर्व्हर आणि अर्काइव्ह यांच्या मध्ये एक छोटा रिले, म्हणजे मेल घेऊन पुढे देणारा सर्व्हर, बसवा. तो प्रत्येक मेल अर्काइव्हला देईल आणि शिवाय एक प्रत स्वतःच्या मेलडिरमध्ये, म्हणजे मेलच्या फोल्डरमध्ये, सात दिवस ठेवेल. फेलओव्हर झाला की शेवटच्या एका दिवसाच्या सगळ्या मेल तिथून नव्या सर्व्हरला पुन्हा पाठवायच्या. ज्या आधीच आहेत त्या हॅशवर जुळून बाजूला पडतील, ज्या नव्हत्या त्या भरल्या जातील. ही काही माझी अक्कल नव्हे. मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज या मेल सर्व्हरमध्ये २०१३ च्या आवृत्तीपासून सेफ्टी नेट नावाने हेच चालतं. पोचवलेली मेलसुद्धा तो मूळ सेटिंगनुसार दोन दिवस धरून ठेवतो आणि डेटाबेस दुसऱ्या सर्व्हरवर उठला की मधल्या काळातली पुन्हा ओततो. एंटरप्राइज व्हॉल्ट या अर्काइव्हच्या प्रॉडक्टमध्ये ‘सेफ्टी कॉपी’ म्हणतात ती त्याच जातीची: अर्काइव्ह झालेली मेल जर्नल मेलबॉक्समधून, म्हणजे प्रती जमा होतात त्या मेलबॉक्समधून, लगेच उडवत नाहीत, व्हॉल्टचा बॅकअप झाला की मग काढतात, अशी सोय त्यात आहे. सही झाल्यावरही पावतीपुस्तकाचं दुसरं पान फाडायचं नाही, इतकंच.

साडेतीनशे मेलबॉक्सच्या सात दिवसांच्या मेलला लागणारी जागा आज किरकोळ आहे. तिला बाकी कशापेक्षाही आधी पैसे द्या.

आता एन्क्रिप्शनच्या किल्लीबद्दल बोलतो, कारण इथे मी स्वतः पोळलोय. एका ग्राहकाकडे आम्ही दुसरा सर्व्हर उभा केला. स्टोअर जात होतं, डेटाबेस जात होता, इंडेक्सही होता. शनिवारी ड्रिल केली, पहिला बंद केला, दुसरा उठला, शोध घेतला, यादी आली. विषय, नावं, तारखा सगळं बरोबर. टाळ्या वाजल्या, चहा आला. तेवढ्यात अकाउंट्समधल्या एका बाईंनी यादीतली मेल उघडून बघितली. आत कोरं पान. दुसरी उघडली, तेच. स्टोअरमधल्या फाइल एन्क्रिप्टेड असतात, आणि इन्स्टॉलर प्रत्येक मशीनवर स्वतःची नवी किल्ली बनवतो, हे आम्ही विसरलो होतो. यादी डेटाबेसमधून येते, म्हणून ती साबूत. मजकूर किल्लीशिवाय उघडत नाही, म्हणून पान कोरं. चूक सर्वस्वी आमची. त्याहून ताप पुढचा होता. त्या चाळीस मिनिटांत दुसऱ्याने ज्या नव्या मेल घेतल्या त्या त्याच्या किल्लीने बंद झाल्या होत्या, त्यामुळे नुसती पहिल्याची किल्ली तिथे आणून चालणार नव्हतं. त्या मेल आधी दुसऱ्याच्या किल्लीने उघडून बाहेर काढाव्या लागल्या, मग किल्ली बदलून परत आत घालाव्या लागल्या. त्या बाईंनी मेल उघडून पाहिली नसती तर आम्ही ‘यशस्वी’ असा अहवाल देऊन घरी गेलो असतो.

आता दोघे एकाच वेळी जागे होण्याची गोष्ट. मधली केबल तुटते किंवा स्विचचा एक पोर्ट जातो. दोघेही ठणठणीत, पण एकमेकांचा आवाज ऐकू येत नाही. दुसऱ्याला वाटतं पहिला गेला, तोही दुकान उघडतो. एकाच दुकानाच्या दोन गल्ल्यांवर दोन भाऊ दोन वह्यांत उधारी लिहितायत. संध्याकाळी दोन्ही वह्यांत पान ४१ आहे आणि दोन्हींत मजकूर वेगळा. डीआरबीडीमध्ये असं झालं की सुटकेचा ठरलेला मार्ग म्हणजे एका बाजूला ‘माझा डेटा टाकून दे’ असं सांगणं. इतर सिस्टिममध्ये तो गिळता येतो. अर्काइव्हमध्ये मी तो आदेश कधीही देणार नाही, कारण टाकून दिलेल्या बाजूवरच्या प्रत्येक मेलवर सही झालेली आहे. रिलेवर प्रती असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा टाका आणि पुन्हा ओता.

दोन मशीनना आपापसात ‘खरा कोण’ हे ठरवता येत नाही, तिसरा साक्षीदार लागतो. तो हलकाफुलका चालतो, कोरोसिंक या क्लस्टर सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमचा साक्षीदार, क्यूनेटडी, एखाद्या छोट्या व्हीएमवर बसतो. शिवाय फेन्सिंग लागतं: ताबा घेण्याआधी दुसऱ्याने पहिल्याची वीज आयपीएमआय या दूरनियंत्रणाच्या सोयीतून खरोखर बंद करायची. क्लस्टरवाले याला ‘स्टोनिथ’ म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या डोक्यात गोळी घाला. नाव रांगडं आहे, पण पडलेला पडलेलाच राहील याची दुसरी खात्री नाही. हे दोन्ही नको असेल, तर प्रामाणिकपणे आपोआप होणारा फेलओव्हर बंद ठेवा आणि माणसाला बटण दाबू द्या. तुमच्या आकाराच्या कंपनीला मी हेच सांगतो. आवक घेणारे दोन रिले सतत जिवंत, ते आपोआप एकमेकांची जागा घेतात, त्यात धोका नाही कारण ते फक्त रांग लावतात. अर्काइव्ह मात्र एका वेळी एकच लिहिणारा, आणि तो बदलायचा निर्णय जागा असलेल्या माणसाचा. अर्ध्या तासाने बटण दाबलं तरी काहीही हरवत नाही, हे एव्हाना पटलं असेल.

पुसायच्या कामाकडे लोकांचं लक्ष नसतं. अर्काइव्ह मेल ठेवतं तशी मुदत संपली की पुसतंही. दुसरा सर्व्हर पहिल्याची हुबेहूब नक्कल म्हणून उभा केला की पुसण्याचं क्रॉनही, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम, तिकडे येतं. लीगलने काल एका माजी कर्मचाऱ्याच्या मेलवर ‘पुसू नका’ असा होल्ड लावला, तो अजून दुसऱ्याच्या डेटाबेसमध्ये पोचलेला नाही, आणि दुसऱ्याने रात्री दोनला झाडू मारला. फेलओव्हरनंतर ४८ तास पुसण्याचं काम बंद, हा माझा नियम आहे. त्याने कुणाचं नुकसान होत नाही. आणि लक्षात घ्या, पुसणंही रेप्लिकेट होतं. दुसरा सर्व्हर म्हणजे बॅकअप नव्हे. ऑडिटरने शेरा एकाबद्दल मारला असेल, तरी बॅकअप वेगळा लागतोच.

इंडेक्स गेला तरी मी घाबरत नाही, स्टोअरमधून तो पुन्हा बनतो. वेळ लागतो, काही टेराबाइट असतील तर दिवस लागतात. धोका त्या दिवसांतच असतो. शोध चालू दिसतो, पण अर्धाच शोधतो. ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर आलं आणि वकिलांनी तसं लिहून दिलं, तर पुढे निस्तरणं कठीण. इलेक्ट्रॉनिक नोंदी पुराव्यात आणण्याबद्दलचं भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ६३ हे १ जुलै २०२४ पासून लागू आहे. जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५बीच्या जागी आलेल्या या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅशसुद्धा नमूद करावा लागतो. इंडेक्स पूर्ण होईपर्यंत शोधाच्या पानावर ठळक पट्टी लावा, ‘अपूर्ण’ म्हणून. आम्ही लाल लावतो.

घड्याळांचं चटकन सांगतो. दोन सर्व्हरच्या वेळेत तीन मिनिटांचा फरक असेल तर फेलओव्हरच्या आसपासच्या मेल अर्काइव्हमध्ये मागे-पुढे दिसतात, उत्तर आधी आणि प्रश्न नंतर. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या वेळेशी जुळवून घेणं तसंही बंधनकारक आहे, आणि लॉग १८० दिवस ठेवणंही. ते लॉग तिसऱ्या मशीनवर ठेवा. पडलेल्या सर्व्हरचे लॉग पडलेल्या सर्व्हरवर असून काय उपयोग!

आणि दोन्ही सर्व्हर कुठे ठेवलेत तेही बघा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबईत आणि आसपास वीज गेली तेव्हा एका कार्यालयातले दोन्ही अर्काइव्ह सर्व्हर एकदमच बसले. दोघे एकाच रॅकमध्ये, एकाच यूपीएसवर. त्या दिवशी मेल वाचल्या त्या रिलेमुळे, कारण तो दुसऱ्या शहरात होता.

आता परत येणं, म्हणजे फेलबॅक. इथे घाई सर्वांत महाग पडते. पहिला दुरुस्त होऊन आला की त्याला लगेच नेटवर्कला लावू नका. त्याच्या स्पूलमध्ये सही झालेल्या आणि कुठेच न गेलेल्या मेल आहेत. त्याला वेगळा ठेवून चालू करा, फिरता आयपी त्याच्याकडे जाणार नाही याची खात्री करा, मग त्याची क्यू फक्त नव्या प्रायमरीकडे रिकामी होऊ द्या. मशीनच गेलं आणि डिस्क तेवढी वाचली असेल तर क्यूची डिरेक्टरी उचलून नव्या पोस्टफिक्समध्ये ठेवता येते, पण तिथे एकदा ‘पोस्टसुपर’ रचना तपासणीच्या पर्यायासह चालवावं लागतं. पोस्टफिक्स क्यूतल्या फाइलचं नाव तिच्या आयनोड क्रमांकाशी, म्हणजे डिस्कवरच्या नोंदीच्या क्रमांकाशी, जुळतं का ते बघतं, आणि फाइल दुसऱ्या डिस्कवर गेली की तो क्रमांक बदलतो. क्यू रिकामी झाली की जुन्याचा डेटा विश्वासाने पुढे चालवू नका. नव्याकडून पूर्ण प्रत घेऊन त्याला स्टँडबाय बनवा. आणि तो तसाच राहू दे. ‘पहिला’ आणि ‘दुसरा’ ही नावंच मुळात चुकीची आहेत, त्यामुळे पहिल्याला परत गादीवर बसवायची उगाच घाई होते. कीपअलाइव्हडीमध्ये ‘नोप्रीएम्प्ट’ ठेवलं आणि दोघांनाही सुरुवातीला बॅकअप म्हणूनच उठवलं, की जुना परत आल्या-आल्या ताबा हिसकावत नाही.

ड्रिलचा निकाल ‘दुसरा उठला’ यावर ठरवू नका. त्या दिवशीच्या रिलेच्या लॉगमधून अर्काइव्हला २५० मिळालेल्या मेल मोजा, अर्काइव्हमधल्या त्याच काळातल्या मेल मोजा, दुबार आलेल्या प्रती वजा करा. ४,२१८ आणि ४,२१८ आले तर झालं. ४,२१८ आणि ४,२११ आले तर त्या सात मेलचे क्यू-आयडी घेऊन प्रत्येकीचा माग काढा. त्या सातांत तुमच्या मांडणीतलं भोक सापडतं, आणि माझ्या अनुभवात ते दहापैकी सहा वेळा स्पूलमध्ये असतं.

हे सगळं उभं करायला तुम्हाला महिनाभर लागेल. आज संध्याकाळी मात्र एवढं करा: दोन्ही सर्व्हरवरच्या किल्लीच्या फाइलचा शा-२५६ हॅश काढून शेजारी शेजारी ठेवा. जुळत नसेल, तर दुसऱ्याने अजून एकही मेल घेतलेली नाही ना, ते आधी बघा आणि मग किल्ली बदला.